धावपट्टीशेजारचा बेल

विमानतळाचा मालक कोण, हा प्रश्न वीरण्णाला पडायचं काही कारण नव्हतं. तो जन्मात विमानात बसला नव्हता आणि बसायची त्याला हौसही नव्हती. औशाच्या बाजारात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, दाराशी एक टेम्पो होता, आणि घरात गुडघ्यानं अधू पण जिभेनं तरणीताठी आई होती. एवढ्यात त्याचं बरं चाललं होतं. पण माणसाच्या मागं नसती लचांडं लागायची ती लागतातच. औसा आणि लातूरच्या मधल्या माळावर सरकारनं विमानतळ केला आणि त्यात वीरण्णाची जमीन गेली. जमिनीचं दुःख एकदाचं रडून झालं. पण जमिनीबरोबर त्याचा बापही आत गेला, आणि ते काही केल्या निस्तरेना.

बाप म्हणजे मडिवाळप्पा. तो विमानतळाच्या आधीच वारला होता. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन बसल्या आसनी मातीत ठेवतात, आणि ज्याला शेत आहे तो आपल्याच शेतात ठेवतो. मडिवाळप्पाला बांधाकडेला ठेवलं, वर दगडांचा ओटा केला, आणि त्याच्या बायकोनं, गुरम्मानं, ओट्याला लागून बेलाचं रोप लावलं. शेजारची माणूसभर जागा तिनं त्याच दिवशी पायानं दाखवली. इथं मी, म्हणाली. त्यावर कुणी वाद घातला नाही. घरात कुणी कुठं निजायचं हे जसं ठरलेलं असतं, तसं ते ठरून गेलं.

मग मोजणीवाले आले. शेतात काय काय आहे त्याचा पंचनामा करायला तलाठी बांधावर बसला. विहीर लिहा, पाइपलाइन लिहा, आंबे लिहा, गोठा लिहा; एकेका वस्तूचा मोबदला मिळणार होता. तलाठी भला माणूस, तो म्हणाला, बेल आणि ओटाही लिहितो. वीरण्णाच्या अंगावर काटा आला. बापाच्या समाधीचे पैसे घ्यायचे? शंकराच्या झाडाची किंमत लावायची? त्यानं हात जोडले आणि तेवढं लिहू नका म्हणाला. गावानं त्याची पाठ थोपटली, मठातल्या स्वामींनी चारचौघांत त्याचं नाव काढलं. आणि सरकारच्या कागदात त्या जागी लागली नुसती पडीक, मोकळी जमीन. असला सोवळा शहाणपणा नडतो तो असा, आणि नडतो तेव्हा पाठ थोपटणारं गाव जागेवर नसतं.

सुरुवातीला काही बिघडलं नाही. विमानतळ राज्याच्या महामंडळाचा होता, कुंपण तारेचं होतं आणि फाटकावर सटवाजी होता. त्याचीही जमीन त्यातच गेली होती, बदल्यात राखणदाराची नोकरी मिळाली होती. श्रावणातल्या सोमवारी गुरम्मा पाण्याची कळशी घेऊन आली की तो फाटक लोटायचा, तिला ओट्यापर्यंत पोचवायचा आणि मुकाट परत जायचा. ती ओटा धुवायची, बेलपानं वाहायची, आणि मग घरातल्या सगळ्यांच्या चहाड्या नवऱ्याला सांगत उन्हं कलेपर्यंत बसायची. विमानं तेव्हाही नव्हती. निवडणुकीच्या हंगामात एखादं उतरायचं, तेवढंच.

मग विमानतळ भाड्यानं गेला. विमानतळही भाड्यानं जातो, हे वीरण्णाला तेव्हा कळलं. जमीन महामंडळाचीच, पण चालवणार एक कंपनी, आणि करार एवढा लांबलचक की तो संपलेला बघायला आज पाळण्यात असलेलं पोरही उरणार नाही. कंपनीनं आधी काय केलं, तर भिंत बांधली. विमानाचा पत्ता नाही आणि भिंत पुरुषभर उंच! सटवाजीचा खाकी सदरा गेला आणि निळा आला, आणि निळ्या सदऱ्याबरोबर पासाचा नियम आला. पहिल्या श्रावणी सोमवारी गुरम्मा कळशी घेऊन फाटकाशी उभी राहिली तेव्हा सटवाजीला तिच्याकडं बघवेना. पास आणा म्हणाला, आणि पास नांदेडला मिळतो, कंपनीचे साहेब तिथं बसतात, असंही त्यानंच सांगितलं.

झालं, वीरण्णाचे हेलपाटे सुरू झाले. दुकानाला कुलूप लावायचं, लातूरला जाऊन नांदेडची एसटी पकडायची, अहमदपूर, लोहा करत हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि नांदेड स्टेशनजवळच्या त्या इमारतीचा जिना चढायचा. तिथं धम्मानंद नावाचा व्यवस्थापक बसायचा. वयानं वीरण्णाहून लहान, बोलायला मऊ. पाणी द्यायचा, चहा मागवायचा, सगळं ऐकून घ्यायचा. नुसता पास नको होता वीरण्णाला. त्याला आईची जागा पक्की करून हवी होती. धम्मानंदनं सांगितलं की आम्ही नुसते चालवणारे, जमिनीत काही करायचं तर मालकाला विचारा, आणि ते ठरल्याशिवाय पासही नाही. मालक म्हणजे महामंडळ. महामंडळाच्या लातूरच्या साहेबानं सांगितलं की मालक आम्ही खरे, पण ताबा कंपनीचा, आमचीच गाडी फाटकावर अडवतात, तुम्हाला काय सोडणार? विमानतळावरच्या पोलिसांनी सांगितलं, आम्ही फक्त राखतो. विमान उतरायचा परवाना देणाऱ्यांकडून दिल्लीहून दोन ओळींचं उत्तर आलं, की नोंदीप्रमाणं आत कोणतीही समाधी नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

सबब प्रश्न उद्भवत नाही! तो कागद वीरण्णानं आईला वाचून दाखवला नाही. तिला तो दर वेळी एकच सांगायचा, की होत आलंय.

पुढं कंपनीचं आणि सरकारचं फाटलं. काय बिनसलं ते पेपरात रोज वेगवेगळं यायचं. शेवटी सरकारनं विमानतळ परत घेतला आणि वीरण्णाला वाटलं, सुटलो एकदाचे, आता मालक आणि चालवणारा एकच. तो नांदेडला गेला तर खुर्ची तीच, टेबल तेच, खुर्चीत धम्मानंदही तोच. त्याला महामंडळानं कंत्राटावर ठेवून घेतला होता. फक्त दारावरची पाटी बदलली होती. धम्मानंदनं चहा मागवला आणि सांगितलं की विमानतळ परत घेतलाय खरा, पण चालवायला दुसऱ्या कुणाला द्यायचं घाटतंय, आणि ते ठरेस्तोवर कुणालाच काही नवीन देता येत नाही. वीरण्णा तो चहा न पिता उठला. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाच्या दारचा चहा टाकला नव्हता.

इकडं फाटकावर सटवाजीचा सदरा करडा झाला. आत गवत कमरेएवढं वाढलं होतं, कोल्हे बिनापासाचे हिंडत होते, धावपट्टीवर टिटव्या अंडी घालत होत्या. सगळ्या जगाला आत वाव होता. फक्त एका म्हातारीला तिच्या नवऱ्याशेजारी बसायला नव्हता, आणि या विचारानं वीरण्णाचं पित्त असं खवळायचं की बाजारातून घरी जाताना तो फाटकावरनं जाणारा रस्ता टाळायला लागला.

यंदाच्या हिवाळ्यात गुरम्मा आजारी पडली. लातूरला दवाखान्यात ठेवावी लागली. बरी होऊन घरी आली, पण अर्धी होऊन आली. एका सकाळी ऊन खात बसली असताना तिनं लेकाला जवळ बोलावलं. नुसतं एवढंच विचारलं, की माझी जागा पक्की केलीस का. वीरण्णाला घरात सगळे पहाडासारखा समजत, पण त्याला तिच्यासमोर मान वर करता येईना. होत आलंय अव्वा, म्हणाला. ती हसली. ते हसणं त्याला रडण्यापेक्षा लागलं.

आणि मग एक दिवस नांदेडहूनच फोन आला. धम्मानंद स्वतः बोलत होता. तुमच्या जागेचं काम आहे, येऊन जा म्हणाला. वीरण्णानं फोन ठेवला, देवघरापुढं उभा राहिला, आणि वाटेत लातूरला उतरून खव्याच्या पेढ्यांचा खोका घेतला. इतक्या वर्षांत त्या साहेबाला एकदाही काही नेलं नव्हतं, आज न्यावं असं त्याला मनापासून वाटलं.

धम्मानंदनं या वेळी चहाही मागवला नाही. विमानसेवा सुरू करायचं घाटत होतं. परवाना देणारे येऊन धावपट्टीच्या आजूबाजूला काय काय उंच आहे ते मोजून गेले होते, आणि त्यात एक बेल निघाला होता. त्याची उंची विमानाच्या वाटेत येत होती. बेल तोडायचा, खालचा दगडांचा ओटा काढून जमीन सपाट करायची, असा हुकूम होता. पण तोडायला जावं तर झाडाचा मोबदला कुणाला दिल्याची नोंद सापडेना. म्हणजे जमीन सरकारनं घेतली, झाड घेतलंच नाही.

"झाड तुमचं आहे, अण्णा," धम्मानंद म्हणाला. "त्यामुळं काढायची जबाबदारीही तुमचीच. आत जायचा पास देतो. चार माणसं, हत्यारं, एक टेम्पो. लाकूड तुमचं, घेऊन जा."

वीरण्णाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो खुर्चीच्या टोकाला सरकला.

"साहेब, आजवर मी जागा मागून राहिलो, तवा तुमच्या कागदात माझं आत काहीच नव्हतं. माझा बाप बी नव्हता. आन् आज झाड माझं झालं?"

"कागदाप्रमाणं तसंच आहे," धम्मानंद म्हणाला आणि टेबलाकडं बघत राहिला. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की तुम्ही नाही काढलं तर ठेकेदार येईल. तो ओट्याला जेसीबी लावेल, आणि खाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. एवढं मी तुमच्यासाठी थांबवून धरलंय, याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

पेढ्यांचा खोका वीरण्णाच्या मांडीवरच राहिला. परतीच्या एसटीत लोह्याला एक बाई तिच्या नातीला घेऊन शेजारी बसली, तिला त्यानं तो न उघडता देऊन टाकला. बाईनं विचारलं, कशाचे पेढे? त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी येऊन त्यानं सगळं खरं सांगितलं. दिल्लीच्या दोन ओळीसुद्धा सांगितल्या. त्याला वाटलं होतं, आई कपाळ बडवून घेईल. गुरम्मानं शांतपणे विचारलं, पासावर माणसं किती? चार, तो म्हणाला. मग त्यातली एक मी, तिनं सांगितलं आणि पांघरूण घेऊन झोपली.

तर असा तो टेम्पो सकाळी फाटकाशी लागला. वीरण्णा, दोन लाकूडतोडे आणि गुरम्मा. पासावरची नावं वीरण्णानंच भरली होती, तिच्या नावापुढं मजूर असं लिहिलेलं होतं. सटवाजीनं पास वाचला, म्हातारीकडं बघितलं, पुन्हा पास वाचला. तिच्या हातात कुऱ्हाड नव्हती, कळशी होती. त्यानं काही न विचारता फाटक उघडलं.

रोप होतं ते झाड झालं होतं. चांगला दणकट, फळांनी लगडलेला बेल. गुरम्मानं गवत बाजूला सारलं, ओटा धुतला, विभूती लावली, पानं वाहिली आणि ओट्याला हात टेकून बसली. तिचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांच्या चहाड्या साचल्या होत्या, त्या सांगायला वेळ लागणारच. लाकूडतोडे बिड्या ओढत लांब बसले. वीरण्णा उभा राहून ती माणूसभर मोकळी जागा बघत होता. हिच्यासाठी आपण काय काय ऐकून घेतलं, कुणाकुणापुढं वाकलो, ते त्याला एकेक करून आठवत होतं, आणि ती जागा तशीच होती, गवतानं भरलेली, कुणाच्याच उपयोगाची नसलेली. आजही कुणी हो म्हटलं असतं तर त्यानं आनंदानं सगळं विसरायची तयारी केली असती. इतका तो वेडा झाला होता त्या जागेपायी.

"वीरण्णा," आईनं हाक मारली. "मला न्हाई इथं ऱ्हायचं."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मला इथं ठेवशील, आन् दिवा लावायला परत नांदेडला जाशील. तुझ्यामागं तुझी लेकरं जातील. हे तरी इथं एकटे काय करून राहिले? यांना बी घेऊन चल."

धरणात गावं गेली तेव्हा लोकांनी समाधीची माती उचलून नव्या जागी नेली होती, हे तिनं स्वामींकडून ऐकलं होतं. औशाला समाजाची स्मशानभूमी आहे, तिथं कुणी पास मागत नाही, एवढं तिचं साधं म्हणणं होतं. वीरण्णा मात्र भडकला. ज्या आईपुढं त्यानं आवाज चढवला नव्हता तिला तो म्हणाला की मग माझी एवढी वर्षं कशात गेली? सगळी फजूल?

"तुझी वर्षं मी उकरून वर आणू का आता?" गुरम्मा म्हणाली. "जेवढं आणता येतंय तेवढं आण."

मग लाकूडतोड्यांनी बेलाच्या पाया पडून कुऱ्हाड घातली. वीरण्णानं स्वतः ओट्याचे दगड काढले आणि खालची माती दुकानातल्या रिकाम्या पोत्यांत भरली. हाताला फक्त मुळ्या लागत होत्या. जिकडं बघावं तिकडं बेलाच्या मुळ्या, सुतासारख्या बारीक, मातीला विणून टाकलेल्या. दोन पोती भरली. लाकडं टेम्पोत रचली, वर पोती ठेवली आणि ते फाटकाशी आले.

सटवाजीनं पोती बघितली आणि त्याचा चेहराच पडला. लाकूड पासावर होतं, माती नव्हती. झाड तुमचं, पण माती सरकारची. वीरण्णानं सांगितलं कुणाची माती आहे ती. सटवाजीला ते सांगायची गरज नव्हती, त्या म्हाताऱ्याच्या मयतीला तो स्वतः आला होता. पण वर कॅमेरा होता, आणि सटवाजीला नोकरी होती. त्यानं नांदेडला फोन लावला. नांदेडनं लातूरला विचारायला सांगितलं. लातूरचे साहेब जेवायला गेले होते. जेवून आल्यावर त्यांनी मुंबईला विचारलं. दुपार उलटली, टेम्पोचं लोखंड तापलं, गुरम्मा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसून होती. शेवटी उत्तर आलं, की माती हे गौण खनिज आहे, ते आवाराबाहेर न्यायला तहसीलची परवानगी लागते, रीतसर अर्ज करा, तोवर माल आतच उतरवा.

गौण खनिज. वीरण्णाचा बाप गौण खनिज झाला.

तेव्हा मात्र वीरण्णाचा तोल गेला. त्यानं फाटकाला लाथ घातली, पुन्हा घातली, आणि मालक कोण आहे ते एकदा समोर या असं त्या कॅमेऱ्याकडं बघत घसा फाटेस्तोवर ओरडला. कॅमेरा काय बोलणार. भिंतीपलीकडं रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. मग वीरण्णानंच पोती खाली ओढली, फाटकाच्या आतल्या बाजूला रिकामी केली आणि मातीवर हात ठेवून बसला. सटवाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं. टेम्पोत लाकडं मोजून बघितली आणि पासावर सही केली.

औशाच्या रस्त्याला लागल्यावर गुरम्मानं टेम्पो बाजूला घ्यायला लावला. वीरण्णाला वाटलं, तिला चक्कर आली. तिनं पदराची गाठ सोडून पुढं धरली. गाठीत मूठभर माती होती. ओट्याला हात टेकून बसली होती तेव्हाच, कुणी कुदळ घालायच्या आधी, तिनं ती बांधून घेतली होती.

"तुला मालूम होतं?" वीरण्णानं विचारलं. त्याचा आवाज बसला होता.

"इतक्या वर्षांत त्यांनी काय दिलं तुला, ते आज माती देतील?"

वीरण्णा त्या मातीकडं बघत राहिला. पोत्यांपुढं ती काहीच नव्हती. ज्या माणसानं त्याला खांद्यावर बसवून औशाची जत्रा दाखवली होती, तो एवढासा.

"अव्वा, लई थोडी हाय गं."

गुरम्मानं गाठ पुन्हा आवळली आणि मान वळवून मागं बघितलं. टेम्पोत बेलाची ताजी लाकडं रचलेली होती. ज्या झाडाच्या मुळ्यांनी त्या मातीचा कण न् कण पिऊन घेतला होता, त्याची.

"बाकीचे मागं हायत," ती म्हणाली. "त्यांना तर सही करून सोडलंय. आता चल. आन् ते लाकूड चुलीत घालायचं न्हाई, घरात सगळ्यांना सांगून ठेव."